पालथा तांब्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, विहारात इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्या बायकांना नाही. आणि आमच्या ह्यांना तर नाहीच नाही — ह्यांच्यापासून लपवायचं म्हणून तर एवढी वर्षं तोंड शिवून बसले. शिवणकाम हा माझा धंदाच आहे म्हणा.

मग आता तुम्हाला का सांगते? पश्चात्ताप वगैरे मोठं नाव देऊ नका. कंटाळा आलाय. एकच खोटं रोज घडी घालून कपाटात ठेवायचं, आणि रोज उघडून बघायचं की आहे ना जागेवर. किती दिवस? मी आता अठ्ठावन्नची झाले. गुडघे गेले, सुईत दोरा ओवायला चष्म्यावर चष्मा लागतो, आणि हे मात्र जसंच्या तसं आहे, कालच ठेवल्यासारखं.

मागच्या आठवड्यात ह्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथून परत आल्यापासून मला चैन नाही. पण ते नंतर सांगते. आधी भाऊ कोण ते कळायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणारच नाही.

भाऊ म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे, मुलगा-मुलगीसुद्धा. मनमाडचे. रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि मालगाडीचे ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. ताठ माणूस. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते हळू, मनमाडकडच्या वळणाचं. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा पहिल्यांदा ज्या गोष्टीचं नवल वाटलं ती म्हणजे पाणी. मनमाडचं पाणी तुम्हाला माहीत असेल — नळ कधी पंधरा दिवसांनी, कधी वीस दिवसांनी. घरात पिंप, टाक्या, हंडे, कळशा, सगळं भरलेलं आणि सगळं झाकलेलं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. त्या घरात कुणी पेला भरून पाणी घेऊन अर्धा टाकून दिला असं मी कधी पाहिलं नाही. भाऊ तर तांब्या वर धरून दोन घोट घ्यायचे आणि खाली ठेवायचे. पुरे, म्हणायचे.

त्यात इंजिनातली नोकरी. इंजिनात संडास नसतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मालगाडी एकदा बाजूच्या लाईनला टाकली की दोन दोन, चार चार तास हलत नाही, आणि ड्रायव्हरला इंजिन सोडता येत नाही. मग काय करायचं? पाणीच प्यायचं नाही. घोटभर घ्यायचा, ओठ ओले करायचे, आणि दाबून धरायचं. मनमाडहून निघालेली गाडी इगतपुरीला पोचेपर्यंत आपण कसं धरून बसायचो, हे ते हसत सांगायचे. त्यात त्यांना अभिमान होता. मला ते ऐकून वाईट वाटायचं, असं मी तेव्हा म्हणायचे.

सासूबाई गेल्या आणि ह्यांनी भाऊंना नाशिकरोडला आणलं. माझी ना नव्हती. खरंच नव्हती. भाऊ माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, माझ्या हातचं नावं न ठेवता जेवले, आणि माझं शिलाई मशीन बिघडलं तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः खाली बसायचे. असा सासरा. म्हणजे त्रास देणाऱ्या माणसाशी मी वाईट वागले असं म्हणायचीही सोय नाही.

आमचं घर तेव्हा लहान. बाहेरची खोली, तिच्यात माझं मशीन. मग एक अरुंद पॅसेज, पॅसेजमध्ये संडास-बाथरूमचं दार. आणि पुढे आतली खोली नि स्वयंपाकघर. भाऊ आतल्या खोलीत. मी ब्लाउज शिवायचे, फॉल-पिको करायचे, आणि हात चांगला म्हणून बायका लांबून यायच्या, सिडकोतून, पार देवळालीतून. माप घ्यायला, घालून बघायला आडोसा लागतो. तो आडोसा म्हणजे पॅसेज. दोन्ही बाजूंना पडदा लावला, आरसा टांगला, झाली ट्रायल रूम. आणि तिच्यातच संडासचं दार. आलं लक्षात?

सुरुवातीला कुणाला काही अडचण झाली नाही. भाऊ दिवसातून चार-पाचदा जायचे, खाकरून जायचे, मी बायकांना थांबवायचे. पण वर्षभरात भाऊ वारंवार जायला लागले. गेले की बाहेर येईनात. दार लावलेलं, पडद्याआड मी आणि कुणीतरी बाई, हातात टेप, आणि आतून आवाज — थेंब. मग काही नाही. मग पुन्हा थेंब. मग भाऊंचं कण्हणं, दाबलेलं. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. बाहेर यायचे तेव्हा कपाळावर घाम, मान खाली, आणि बाई एकीकडे पदर सावरत भिंतीला चिकटलेली.

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. हो. मलाही तेव्हा कळत होतं की हे वयाचं नुसतं नाही. माझ्या माहेरी काकांना प्रोस्टेटचं झालेलं मी पाहिलं होतं. अगदी असंच. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही — हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच त्याचा आधार घेईन.

एक दिवस शिंदेबाई म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक, शाळेत शिक्षिका, माप देता देता थांबल्या. आतून तो आवाज येत होता. त्या हळूच म्हणाल्या, "मंगलताई, तुमचे सासरे आत असतील तर मी उद्या येते." चांगल्या सुरात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोघीही आल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली — आणि लाजेचा राग होतो, बघा. तो राग मी कुणावर काढणार? शिंदेबाईंवर?

संध्याकाळी भाऊंना चहा दिला आणि म्हटलं, "भाऊ, एक सांगू का? माझ्या बायका चार ते आठ येतात. तेवढ्या वेळात तुम्ही पॅसेजमध्ये आला नाहीत तर बरं होईल. त्यांना अवघडल्यासारखं होतं."

भाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चार ते आठ?"

"हो."

"म्हणजे ब्लॉक घेतला तू." आणि हसले. रेल्वेत रूळ दुरुस्तीला लाईन बंद ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. "चार ते आठ ब्लॉक. काय काळजी करू नको मंगल. इंजिनात कुठं संडास होता? तिथं सहा सहा तास काढलेत. घरात बसून काय अवघड हाय?"

मलाही हसू आलं. बरं वाटलं. किती समजूतदार माणूस, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं.

पण निरोगी माणसाचं धरणं वेगळं आणि त्यांचं वेगळं. पहिल्या आठवड्यातच सहाच्या सुमाराला आतल्या खोलीत येरझारा सुरू झालेल्या मला ऐकू यायच्या. कधी पडद्यापाशी यायचे, तिथूनच परत जायचे. मग मी काय केलं असेल? ब्लॉक उठवला? नाही. मी पाणी कमी केलं.

हेच ते. हेच सांगायला बसले आहे आणि बघा, किती लांबून फिरून आले.

मी भाऊंना म्हटलं, दुपारच्या जेवणानंतर पाणी पिऊ नका म्हणजे संध्याकाळी त्रास होणार नाही. तुम्हीच नाही का सांगत, ड्यूटीवर असताना प्यायचो नाही म्हणून? त्यांच्याच शौर्याची गोष्ट मी त्यांच्या गळ्यात घातली. ते म्हणाले, "बरोबर हाय." त्यांच्या उशाशी स्टीलचा तांब्या असायचा, सासूबाईंच्या वेळचा. सकाळी मी तो भरायचे. दुपारी जेवून झालं की भाऊ उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायचे, तांब्या पालथा घालायचे आणि त्याच्यावर पेला पालथा. मला दिसावा असा. पालथा तांब्या म्हणजे ड्यूटी सुरू.

मनमाडचा माणूस. कमी पाणी पी म्हटल्यावर त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दुसऱ्या कुठल्या गावचा असता तर भांडला असता.

रात्री पिऊन भरून काढत असतील, असं मी स्वतःला सांगायचे. ते तरी कसं? रात्री चार वेळा उठावं लागतं, दिवा लावावा लागतो, ह्यांची पहिली पाळी असते, झोपमोड होते — हेही मीच कधीतरी बोलून गेले होते. भाऊंना एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे.

चैत्रातली एक दुपार आहे. साडेचार-पाच झाले असतील. उकाडा असा की मशीनचं चाक हाताला गरम लागत होतं. मी बटणं शोधायला आत गेले. भाऊ स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी उभे होते. तोंडात पाणी घेतलं, घोळवलं, बराच वेळ घोळवलं — आणि थुंकून टाकलं. पुन्हा घेतलं. पुन्हा थुंकलं. गिळलं नाही. ड्यूटी चालू होती ना. मी दारात उभी होते, त्यांना दिसले नसेन. काय करायला हवं होतं? पेला भरून पुढे करायचा. एवढंच. पाच पावलांवर माठ होता.

मी बटणं घेतली आणि बाहेर आले. बाहेर कासारबाई वाट बघत होत्या.

असं दीड वर्ष चाललं. एक-दोन महिने नाही, दीड वर्ष. मधे एकदा भाऊंनी मला हाक मारली. हाक म्हणजे कशी, संडासच्या दारातून अर्धं डोकं बाहेर काढून, कुजबुजत. सुनेला असं बोलवायला त्या माणसाला किती वेळ मनाची तयारी करावी लागली असेल. म्हणाले, "मंगल, जरा बघ बरं. रंग येगळा वाटतोय." मी पाहिलं. लालसर होतं. मी लग्नाला निघाले होते, साडीच्या निऱ्या हातात होत्या. म्हटलं, "भाऊ, सकाळी बीट केलं होतं ना. बिटाने होतं असं."

"आस्सं," म्हणाले, आणि पाणी ओतून टाकलं.

बीट केलं होतं, हे खरं. पण भाऊंनी ते खाल्लं नव्हतं. दात हलत होते म्हणून त्यांनी वाटी बाजूला सारली होती आणि ती मीच उचलली होती. ते विसरले असतील. मी विसरले नव्हते.

मग तो रविवार. लग्नसराई होती, बायका सकाळी अकरापासून येत होत्या. एका नवरीचे सात ब्लाउज, तिची आई, मावशी, करवल्या, सगळा गोतावळा पॅसेजभर. हे कंपनीत ओव्हरटाइमला गेलेले. एकच्या सुमाराला भाऊ पडद्यापलीकडे येऊन खाकरले. मी म्हटलं, "भाऊ, थोडं थांबा." अर्ध्या तासाने पुन्हा आले. मी नवरीची बाही टाचत होते, तोंडात टाचण्या. हाताने खूण केली, थांबा म्हणून. पडद्याआडून त्यांना हात दिसला असेल-नसेल. ते परत गेले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत, आणि मला वाटलं, झालं, आता बरं वाटत असेल.

अडीचला बायका गेल्या. भाऊ आत गेले आणि बाहेर आले ते भिंत धरून. "व्हयना," म्हणाले. "एक थेंब बी व्हयना." पोट खाली टम्म, दगडासारखं. मी ह्यांना फोन केला, रिक्षा केली, आणि जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. नळी घातली तेव्हा पिशवी भरून लघवी निघाली, गडद, वासाची. भाऊंनी डोळे मिटले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढा ताठ माणूस.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, कागदावर चित्र काढून समजावून सांगणारे. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, त्यामुळे लघवीच्या वाटेवर अडथळा आहे. पोटातली लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, दरवेळी थोडी लघवी आतच साचून राहते. साचलेल्या पाण्यात क्षार बसतो, आणि बसता बसता त्याचा खडा होतो. भाऊंच्या पिशवीत लिंबाएवढा खडा होता. किडन्यांवरही ताण आलेला. हे एका दिवसात होत नाही, ते म्हणाले. मग विचारलं, "आजोबा, पाणी किती पिता दिवसाला?"

भाऊंनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "दोन-तीन पेले."

"दोन-तीन? इतकं कमी का? एक तर मोकळी होत नाही, त्यात पाणी नाही, मग खडा वाढणारच. कुणी सांगितलं होतं का कमी प्यायला?"

मी खाटेच्या पायाशी उभी होते. हे उशाशी. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांकडे बघत म्हणाले, "कुणी नाय डॉक्टर. सवय हाय. मनमाडचे आम्ही. इंजिनावर व्हतो. तहानच लागत नाय."

इथे मी गप्प बसले असते, तर ती भित्रेपणाची गोष्ट झाली असती. तेवढीच असती तर बहुतेक मी ती केव्हाच कुणाला तरी सांगून टाकली असती. पण मी गप्प बसले नाही. मी म्हटलं — अजून माझा तो आवाज मला ऐकू येतो, काळजीचा, थोडा लटक्या रागाचा — "ऐकतच नाहीत हो डॉक्टर. किती मागे लागते, पाणी प्या, पाणी प्या. हट्ट म्हणजे हट्ट."

का बोलले? भाऊंनी तर मला वाचवलं होतंच. दार लावून घेतलं होतं त्यांनी, मला त्याला वरून कुलूप लावायची काय गरज होती? याचं उत्तर मी खूप शोधलं. त्या क्षणी मला चांगली सून व्हायचं होतं, एवढंच.

आणि ह्यांना राग आला. घाबरले होते, त्याचाच राग. वॉर्डात सगळ्यांदेखत बापावर ओरडले. "एवढी मंगल सांगते तुम्हाला, ऐकायला काय होतं? लहान आहात का?" भाऊंनी मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात राग असता तर मला आज सोपं गेलं असतं. नव्हता. मालगाडी उभी राहिली की सिग्नलकडे बघत बसतात तसं बघितलं, काही न मागता. मग मुलाला म्हणाले, "चुकलं बाबा माझं."

त्यांनी माफी मागितली. माझ्यासाठी. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, खडा काढला. तो खडा डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घालून दिला, पिवळट, खडबडीत. ह्यांनी डबी घरी आणून शोकेसमध्ये ठेवली. येईल त्याला दाखवायचे. "हे बघा, पाणी न पिण्याचा परिणाम. आमच्या भाऊंचा हट्ट. मंगल बिचारी मागे लागून लागून दमली." भाऊ समोर बसलेले असायचे. मान हलवायचे. पाहुणे डबी हलवून बघायचे, खडा आत वाजायचा. मी चहा आणायच्या निमित्ताने उठायचे, पण चहा करतानाही तो आवाज ऐकू यायचा.

मग मी त्यांना तासातासाला पाणी द्यायला लागले. सगळ्यांना दिसेल असं. भाऊ निमूट प्यायचे. पण ब्लॉक? ब्लॉक मी कधी उठवला नाही. "भाऊ, आता चारनंतरही जात जा" — हे एक वाक्य. ते बोलायचं तर आधीचं सगळं बोलावं लागलं असतं. मी एवढंच केलं की पुढच्या महिन्यात कॉलनीच्या तोंडाशी एक गाळा घेतला आणि मशीन तिकडे हलवलं. धंदा वाढलाय म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. पडदे काढले. त्या दिवशी चार वाजून गेल्यावर भाऊ आतल्या खोलीच्या दाराशी आले, मोकळ्या पॅसेजकडे बघत उभे राहिले. मी घरी होते. वाटलं, आता विचारतील. ते विचारते तर मी सांगितलंही असतं, कदाचित. त्यांनी काही विचारलं नाही. खाकरले, सवयीने, आणि संडासला गेले.

त्यानंतर चार वर्षं जगले. किडन्या काही पूर्ण सुधारल्या नाहीत, शेवटी त्याच गेल्या. माझ्यामुळे? गाठ माझ्यामुळे नव्हती, हे मला कळतं. वय होतं, आजार होता. पण ही वाक्यं मी स्वतःला इतक्यांदा ऐकवली आहेत की त्यांचा रंग उडालाय. तुम्हाला नाही ऐकवत.

भाऊंच्या मागे केलेल्या जलदान विधीला सगळे नातेवाईक आले होते. भंतेजींनी आम्हा घरच्यांना पुढे बोलावलं, पाणी ओतायला. तांब्या तोच घेतला होता, भाऊंच्या उशाचा. नणंदेनेच शोधून आणला, भाऊंचा आवडता म्हणून. ह्यांचा हात, तिचा हात, माझा हात, तिघांनी मिळून धरला आणि परातीत धार सोडली. गाथा चालू होती. माझ्या बाजूने तांब्या कलायला लागला, तसा नणंदेने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. नंतर ती उभी राहून चार शब्द बोलली. म्हणाली, "आमच्या वडिलांना पाण्याच्या घोटाघोटासाठी वहिनीनं विनवलं. पोटच्या मुलीनं केलं नसतं एवढं." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, सासऱ्यासाठी रडते.

आता मागचा आठवडा. ह्यांना नुकताच तोच त्रास सुरू झालाय. मी बाहेरच्या खोलीतून ऐकते — थेंब, मग काही नाही, मग पुन्हा थेंब. तो आवाज मला दुसऱ्या कुणी ओळखायला शिकवायला नको. या वेळी मी एक दिवस वाया घालवला नाही, सरळ डॉक्टरकडे. गाठ वाढली आहे, पण वेळेत आलात, खडा वगैरे नाही, गोळ्यांवर भागेल, असं म्हणाले. घरात कुणाला होतं का, विचारलं. हे म्हणाले, "वडिलांना. खडापण झाला होता, लिंबाएवढा. पण त्यांनी स्वतःच करून घेतलं. फार हट्टी माणूस. ही एवढी मागे लागायची, पाण्याला हातच लावायचे नाहीत."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आहात. ह्यांच्यावर पण लक्ष ठेवा."

मी म्हटलं, "हो."

झालं ते एवढंच. घरी आलो. ह्यांनी एक मोठी बाटली आणली आहे, लिटरच्या खुणा असलेली. दर तासाला पितात आणि मला दाखवतात, शाळेतल्या पोरासारखं. काल शोकेस पुसताना डबी हातात घेऊन म्हणाले, "भाऊंनी ऐकलं असतं तुझं, तर अजून जगले असते गं."

आणि म्हणून हे लिहिते आहे. बाकी सगळं माझं मी बाळगलं असतं. पण एका मुलाला आपला बाप हट्टी होता असं वाटतं, बापावर ओरडलो ते बरोबरच ओरडलो असं वाटतं, आणि ते त्याला मी दिलंय. ह्यांना मी हे वाचायला देईन का? माहीत नाही. देईन असं कबूल करत नाही, कारण माझ्या कबुलीची किंमत मला माहीत आहे.

पण एवढं कुठेतरी खरं लिहिलेलं असू दे. भाऊ हट्टी नव्हते. भाऊंनी माझं ऐकलं. मी सांगितलं तेवढंच पाणी ते प्यायले, दीड वर्ष, एक दिवस न चुकता. आणि डॉक्टरांना ते जे म्हणाले ते खोटं होतं. त्यांना तहान लागायची.